व्याख्यानभास्करांचा खोकला

थोर माणसाचा हात तान्हेपणी डोक्यावरून फिरला, तर त्या माणसातलं काहीतरी मुलात उतरतं, अशी आमच्या आळीची श्रद्धा होती. मी स्वभावानं श्रद्धाळू नाही, पण ही गोष्ट खरी आहे हे मला मान्य करावं लागतं. थोर माणसातलं काहीतरी तान्ह्या मुलात उतरताना मी स्वतः पाहिलं आहे. उतरायला साधारण आठ दिवस लागतात.

आमच्या आळीतले थोर पुरुष म्हणजे आबासाहेब. त्यांचं आडनाव सांगत नाही, कारण त्यांची नातवंडं वकील आहेत. आबासाहेब निवृत्त हेडमास्तर होते, वाचनालयाचे अध्यक्ष होते, आणि 'व्याख्यानभास्कर' होते. ही पदवी त्यांना एकसष्टीच्या सत्कार समितीनं दिली होती. समितीचे अध्यक्षही तेच होते. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, खांद्यावर उपरणं अशा थाटात ते सकाळी भाट्याच्या समुद्रकिनाऱ्याकडे फिरायला निघाले की ओट्यांवर बसलेले पुरुष उठून उभे राहत. ते कोळणीलाही 'आपण' म्हणत आणि ती बिचारी चेष्टा समजून दोन बांगडे जास्त टाकून सुटका करून घेई. त्यांच्याजवळ एकूण चार व्याख्यानं होती. मालगुंडापासून राजापुरापर्यंत ती त्यांनी इतक्या वेळा दिली होती की, पुढचं वाक्य कोणतं ते मला शिवण टिपतासुद्धा सांगता येई. विषय बदले, दाखले तेच राहत. 'वाणी हे माणसाचं भूषण आहे' हे वाक्य चारही व्याख्यानांत होतं, आणि ते म्हणताना ते उपरणं डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेत.

या वाणीचा प्रसाद पुढच्या पिढीला मिळावा म्हणून त्यांनी आळीत एक पद्धत पाडली होती. कुणाकडेही बारसं असलं की आबासाहेबांनी यायचं, आपल्या बोटातली सोन्याची अंगठी मधात बुडवून ती बाळाला चाटवायची, आणि मग बाळाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन एक लांबलचक संस्कृत श्लोक म्हणायचा. तोंडाजवळ म्हणजे अगदी नाकाला नाक लागेल इतकं जवळ. "वाणी वाणीत मिसळली पाहिजे," असं ते सांगत. माझ्याही तोंडाजवळ त्यांनी हा श्लोक म्हटलेला आहे. त्याचा परिणाम काय झाला ते वाचक पाहतोच आहे.

त्या वर्षी नवरात्रातल्या व्याख्यानमालेच्या पहिल्या दिवशी आबासाहेब मधेच खोकले. वक्ते खोकतातच, त्यात विशेष काही नव्हतं. पण दसऱ्यापर्यंत त्या खोकल्याला एक आकार आला. एकामागून एक अशा दहा-पंधरा उबळी, मधे श्वास घ्यायला जागा नाही, चेहरा जांभळा, डोळ्यांतून पाणी, आणि शेवटी 'हूऽऽप' असा लांब आवाज करत ओढलेला श्वास. शेवटच्या व्याख्यानात नेमकं मातृप्रेमावर बोलताना ही उबळ आली. सगळ्या सभागृहाला वाटलं, आबासाहेबांना आईच्या आठवणीनं हुंदका फुटला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि मागून टाळ्या पडल्या. आबासाहेब चाणाक्ष. टाळ्या कशाला पडतात हे त्यांना लगेच कळे. त्यानंतर त्यांनी खोकला दाबण्याचा प्रयत्न केल्याचं मला आठवत नाही. कुणी विचारलंच, तर खडीसाखर गालात सरकवत म्हणत, "वक्त्याचा घसा आहे हा. सरस्वती आपला कर वसूल करते."

आमच्या घरी तेव्हा ताई पहिल्या बाळंतपणाला आली होती. मी पंधरा वर्षांची होते. घर आंबेहळद आणि बाळंतशेपेच्या वासानं भरलेलं होतं. आई मागच्या पडवीत विळीवर बसून नारळ खवत असायची आणि अळिवाच्या लाडवांचा हिशेब तोंडानं करत असायची, किती ताईला, किती विहिणीला दाखवायला. ओव्याची धुरी माजघरातून ओटीवर येई आणि ओटीवर बसलेले आमचे अण्णा, म्हणजे वडील, वर्तमानपत्रानं ती परत आत ढकलत. अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते. जन्मभर न्यायाधीशांसमोर उभं राहून त्यांना अशी सवय लागली होती की, उंच आसनावर बसलेल्या कुणाचंही म्हणणं त्यांना खरंच वाटे. आबासाहेब तर चालतानासुद्धा उंच आसनावर बसल्यासारखे चालत.

बाळाला आणि ताईला न्हाऊ घालायला शेवंता यायची. परटवण्याच्या उतारावर राहायची, आळीतली निम्मीअधिक बाळं तिच्याच पायांवर न्हाली होती. हात कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे, आणि जिभेला कुणाचीच भीड नाही. रोज सकाळी चार घरं करून आमच्याकडे येई, त्यामुळे कुणाचं पोर दूध टाकतं, कुणाच्या बेंबीला काय झालंय, ही सगळी माहिती आमच्या न्हाणीत सर्वांत आधी येत असे. बारशाला चार-पाच दिवस उरले असताना तिनं बाळाला पायांवर उताणं घेतलं, अंगाला तेल लावता लावता म्हणाली, "वयनी, एक सांगतंय, रागावू नको. बारशाला त्या भास्करांना बोलवू नको."

आई दचकली. "अगो, हळू बोल. हे ओटीवर आहेत."

"असूदे. वाण्याची पोरगी खोकताय. सुताराचं पोर खोकताय. त्या पोराचं तर त्वांड काळंनिळं होताय. दोनी घरांत मध चाटवायला कोण गेलंला? माझ्या हातात पोरं असतत, मला कळताय. तेंचा खोकला नि पोरांचा खोकला एक हाय. डांग्या हाय तो."

"डांग्या पोरांना होतो, शेवंता. एवढ्या मोठ्या माणसाला कसा होईल?"

"मोठा मानूस खोकून मोकळा होताय. पोरान् काय करायचं?"

ओटीवरून अण्णांनी विचारलं, "काय म्हणत्येय ती?"

"पाणी फार कढत झालंय म्हणते," आई म्हणाली.

दोन दिवसांनी सुताराचं पोर गेलं. महिन्याचंही झालं नव्हतं. आबासाहेब सांत्वनाला गेले आणि देहाच्या नश्वरतेवर पाऊण तास बोलले. मी आईबरोबर तिथे होते. सुतार स्वतःच्याच अंगणात हात जोडून उभा होता, त्याला बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मधे एकदा आबासाहेबांना उबळ आली आणि एकामागून एक, मधे श्वास न घेता ठसके निघाले. आतल्या खोलीतून सुताराची बायको धावत बाहेर आली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तिला वाटलं, पोर आहे. बायकांनी तिला धरून परत आत नेलं आणि आबासाहेबांनी दाखला पुढे चालू केला.

ते पाहिल्यावर माझ्याही डोक्यात गणित बसलं. संध्याकाळी मी अण्णांना म्हटलं, "आबासाहेबांनी लांबूनच आशीर्वाद दिला तर नाही का चालणार?"

"का?"

मी शेवंताचं म्हणणं सांगितलं. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "न्हाऊ घालणाऱ्या बाईनं आबासाहेबांचा घसा तपासलान काय? त्यांना आमंत्रण गेलंय. राजापूरहून व्याही येतायत. त्यांच्यापुढे मी आबासाहेबांना लांब उभं करू?" आणि मग नेहमीचं वाक्य, "तू फार वाचत्येस, कुंदा." हे वाक्य मी पुढे बऱ्याच पुरुषांकडून ऐकलं. त्यातल्या एकाशी लग्नही केलं.

बारसं दिवाळीच्या दोन दिवस आधी झालं. घरात एकीकडे पोह्यांचा वास, दुसरीकडे चकल्यांचा घाणा. मधाची चांदीची वाटी धरायचा मान माझा होता, कारण मी मावशी. आबासाहेब आले, पाटावर बसले, अंगठी बुडवली आणि बाळावर वाकले. बाळ टकमक बघत होतं. श्लोकाच्या दुसऱ्या चरणाला उबळ आली. ते मागे सरले नाहीत. सगळी उबळ त्यांनी बाळाच्या तोंडावर पुरी केली, मग उपरण्यानं आपलं तोंड पुसलं आणि बाळाचं तसंच राहिलं. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "केवढी माया!" ते अण्णांना म्हणाले. अण्णांनी मान खाली घालून ते कौतुक स्वीकारलं. मी वाटी धरून उभी होते. ती खाली पाडावी असं माझ्या मनात आलं होतं. पण वाटी चांदीची होती आणि मी चांगल्या वळणाची मुलगी होते. माझ्या आयुष्यातल्या ज्या ज्या गोष्टींची मला लाज वाटते, त्यांतल्या बऱ्याचशा मी चांगल्या वळणाची होते म्हणून घडल्या आहेत.

भाऊबीज होऊन दोन-चार दिवस गेले आणि बाळ शिंकू लागलं. मग खोकला. मोठ्या मुलांना येतो तसा 'हूप' आवाज ताईच्या त्या लेकीला यायचा नाही. इतक्या लहान बाळाला तेवढा श्वास ओढायचीही ताकद नसते, हे मला नंतर कळलं. ती नुसती एकामागून एक खोकायची, जीभ बाहेर यायची, ओठांभोवती जांभळी कड धरायची आणि पिऊन झालेलं सगळं दूध बाहेर पडायचं. शेवंतानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "हिला आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या." अण्णांनी आबासाहेबांचा सल्ला घेतला.

आबासाहेब वाचनालयाचे दोन सभासद बरोबर घेऊन आले. पाळण्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसले आणि त्यांनी विचार केला. त्यांना विचार करताना पाहणं हा एक सोहळाच असे. डोळे मिटलेले, तर्जनी कपाळाला. मग त्यांनी निदान केलं. "वाणी, सुतार आणि तुम्ही. तिन्ही घरांत समान काय? तिन्ही घरांत एकच बाई न्हाऊ घालते. घरोघरची घाण ती हातांवर आणते." यावर ते स्वतः खोकले. सभासदांनी माना डोलावल्या. इतकं सुंदर तर्कशास्त्र आमच्या माजघरात कधी कुणी मांडलं नव्हतं. तिन्ही घरांत आणखी कोण समान होतं, हे तिथे पाच माणसांना ठाऊक होतं आणि त्यांतल्या एकाही माणसानं तोंड उघडलं नाही. त्या पाचांत मी होते.

शेवंताला दारातूनच परत पाठवलं. तीन दिवसांत सगळ्या आळीनं तिला दार बंद केलं. ती ओरडली नाही. रोज सकाळी ठरल्या वेळी येई आणि आमच्या समोरच्या गडग्यावर, त्या चिऱ्याच्या कुंपणावर, बसून राही. अण्णांनी एकदा हटकलं, तेव्हा म्हणाली, "रस्ता सरकारचा हाय, अण्णानूं. बसलंय ती रस्त्यावर. तुमच्या पोराला हात लावत नाय."

आठवड्यानंतरची ती सकाळ मला फार स्पष्ट आठवते, आणि मी ती कुणाला सांगितली नाही अशातला भाग नाही. लोकांनी ऐकून घेतली नाही एवढंच. आबासाहेब बाळावर मंत्रजप करायला आले होते. ताई पाळण्याशी, आई स्वयंपाकघराच्या दारात पेजेचा पळा हातात घेऊन, अण्णा कोर्टाची टोपी घालून उभे. बाळ खोकत होतं. खोकत होतं, खोकत होतं, आणि थांबलं. घर एकदम शांत झालं. रहाटाचा आवाज परसातून ऐकू आला. आबासाहेबांनी डोळे उघडले, हात वर केला आणि म्हणाले, "उतरला."

अण्णांनी त्यांच्या पायांना हात लावला. आईनं सुस्कारा सोडला. ताई रडता रडता हसली. मी पाळण्यात वाकून पाहिलं. बाळाची नखं वांग्याच्या रंगाची झाली होती आणि छाती हलत नव्हती. खोकला उतरला होता, कारण श्वासच उतरला होता.

मी चांगल्या वळणाची नसल्यासारखी वागले. बाळाला उचललं, आबासाहेबांच्या पायावर पाय देऊन बाहेर धावले आणि अंगणातूनच ओरडले, "शेवंताबाई!" ती गडग्यावरून उतरून आधीच निघाली होती. नंतर म्हणाली की खोकला थांबलेला तिला रस्त्यावर ऐकू आला. तिनं बाळ पालथं हातावर घेतलं, तोंडात करंगळी घालून गव्हाच्या चिकासारखा दोरच्या दोर चिकटा ओढून काढला, पाठीवर तळव्यानं थोपटलं, पुन्हा थोपटलं, आणि शिव्या घातल्या. बाळाला नव्हे. चौथ्या शिवीला बाळ रडलं. तो रडण्याचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा होता, आणि तेवढं चांगलं भाषण मी त्या आळीत दुसरं ऐकलेलं नाही.

इस्पितळ पंधरा मिनिटांच्या चालीवर होतं. आम्ही दोघी पळतच गेलो, मागून ताई आणि अण्णा. आबासाहेब आले नाहीत, त्यांना पाच वाजता व्याख्यान होतं. तिथे विदर्भातून नुकत्याच बदलून आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाळाच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी धरली, इंजेक्शन दिलं आणि बाळावरची नजर न काढता विचारलं, "महिन्याभरात घरात कोण मोठं माणूस खोकत होतं? बाळाच्या जवळ येणारं?"

अण्णांनी टोपी काढली. पुन्हा घातली. कोर्टात हजारो माणसांना शपथ देणारा माणूस. "तसं कोणी... म्हणजे विशेष असं..."

"बाबा, मला औषध ठरवायचंय. कोण?"

"आबासाहेब," मी म्हटलं.

"कोण आबासाहेब?"

हा प्रश्न आमच्या गावात त्याआधी कुणी विचारलेला नव्हता. अण्णांच्या चेहऱ्यावर असे भाव आले, जणू कुणी सूर्य कोणता म्हणून विचारलं असावं.

"वय किती?" बाई मला विचारू लागल्या.

"एकसष्टी झाली आहे."

"उबळ आल्यावर चेहरा जांभळा होतो? शेवटी श्वास ओढताना आवाज येतो?"

"येतो. त्यावर लोक टाळ्या वाजवतात."

बाईंनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग शेवंताकडे. शेवंता म्हणाली, "डांग्या हाय, बाय. मी पयल्यापासून सांगतंय." बाई म्हणाल्या, "बरोबर सांगताहात," आणि कागदावर लिहू लागल्या. अण्णा भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

बाळ तीन आठवडे इस्पितळात होतं. शेवंता रोज यायची आणि बाळाच्या शेजारी बसायची, आता तिला कुणी नको म्हणत नव्हतं. आळीतल्या सगळ्या घरांना औषध मिळालं, वाण्याची पोरगी वाचली. आबासाहेबांकडे डॉक्टरीणबाई स्वतः गेल्या. आजार झाल्याचं त्यांना फार वाईट वाटलं नाही. तो पोरांचा आजार आहे याचं वाटलं. "क्षयाची शंका असेल तर मी समजू शकतो," ते म्हणाले म्हणे. क्षय हा विद्वानांना शोभणारा रोग होता. डांग्यासाठी कडू गोळ्या घेणं त्यांच्या इभ्रतीला कमीपणा आणणारं होतं. गोळ्या त्यांनी घेतल्या की नाही ते कळलं नाही, पण खोकला संक्रांतीपर्यंत चालला आणि टाळ्याही.

शेवंताची माफी कुणी मागितली नाही. अण्णांनी आईबरोबर तिच्याकडे एक लुगडं पाठवलं. तिनं ते घेतलंन, उलगडून पदर बघितलान आणि म्हणाली, "पुढल्या बाळंतपणाला आधी मला विचारा, मग भास्कराला." सुताराकडे कुणी काहीच पाठवलं नाही. त्याला काय सांगायचं होतं? त्याचं पोर आबासाहेबांनी गोंजारलं होतं, हाच त्याला आळीनं दिलेला मान होता, आणि तो त्यानं जन्मभर सांभाळला. तो मान परत काढून घेण्याइतका धीटपणा माझ्यातही नव्हता.

आता सगळं सोपं झालं आहे. बाळ दीड महिन्याचं झालं की पहिली लस, पुढे महिन्या-महिन्यानं आणखी दोन. माझ्या नातीला टोचताना मी तिथेच होते. नर्सनं कार्डावर लिहिलं, नात दोन मिनिटं रडली, मग खिडकीतल्या कावळ्याकडे बघू लागली. त्याआधीच्या दीड महिन्यात तिला बघायला येणाऱ्यांना मी दाराबाहेर उभं करत असे. माझा जावई म्हणतो, आई फार कडक आहेत. व्हॉट्सॲपवर आमच्या आळीतला एक सद्गृहस्थ रोज सकाळी लशींविरुद्ध लिहितो आणि खाली हात जोडलेली चित्रं टाकतो. आबासाहेबांचा तो विद्यार्थी. त्याला मी उत्तर देत नाही, फक्त तो कुणाकडे बारशाला जाणार आहे असं कळलं की त्या घरी फोन करते.

ताईची ती मुलगी आता पन्नाशी ओलांडून गेली. व्याख्यानभास्करांच्या हातचा मध चाटलेली, पण चार माणसांत उभं राहून बोलायची पाळी आली की ती पाणी आणायच्या निमित्तानं आत जाते. तिनं एकदा मला विचारलं, "मावशी, त्यांच्यातलं माझ्यात काही आलं का गं?" मी म्हटलं, "आलं होतं. इस्पितळात काढून टाकलं."

आबासाहेब ब्याण्णव वर्षांचे होऊन गेले. आमच्या आळीपुढच्या रस्त्याला त्यांचं नाव दिलं, कोपऱ्यावर ग्रॅनाइटची पाटी बसवली, तिच्यावर 'वाणी हे माणसाचं भूषण आहे' असं कोरलं. त्याच रस्त्यावर पुढे पालिकेचा दवाखाना आहे, गुरुवारी तिथे तान्ह्या मुलांना लस देतात. बाळंतिणी रिक्षानं येतात. रिक्षावाल्याला मार्गाचं नाव सांगून उपयोग होत नाही. 'लशीच्या दवाखान्याकडे' म्हटलं की तो बरोबर नेतो.